सॅम्पल होईपर्यंत: दिंडोरीच्या एका द्राक्षबागेतलं प्रकरण

या प्रकरणात खोटं कोणीच बोललं नाही. निरोप कोणी दडवला नाही, कोणाचा फोनही बंद नव्हता. तरीही दिंडोरी तालुक्यातल्या तीन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांचा माल युरोपच्या कंटेनरमध्ये जायच्या ऐवजी लोकलला, म्हणजे इथल्याच बाजारात गेला, आणि वीस-बावीस वर्षं एका बांधावर वावरलेल्या माणसांचं बोलणं काही आठवडे बंद पडलं.

आधीच सांगून ठेवतो: हे कुण्या एका घराचं प्रकरण नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात अशा गोष्टी ज्या तऱ्हेने घडतात, त्यावरून ते प्रशिक्षणासाठी जुळवलेलं आहे. म्हणून माणसांना नावं नाहीत, घरात ज्या नात्याने हाक मारतात तीच ठेवली आहेत.

नाना म्हणजे बागेचे मालक. त्यांच्या थोरल्या मुलाला सगळे भाऊ म्हणतात. तो सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला, राहायला गंगापूर रोडला. निर्यातीची नोंदणी, ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षांचा बागेपासून माग ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीची) कागदपत्रं, माल भरून निर्यातीला पाठवणाऱ्या पॅकहाऊसशी व्यवहार हे सगळं तोच बघतो. मामा मूळचे पेठ तालुक्यातले, बागेतच खोली करून राहतात. छाटणीपासून काढणीपर्यंत बाग त्यांच्या हातावर. नात्याने ते कोणाचेच मामा नाहीत, पण भाऊला त्यांनी खांद्यावर बसवून वणीच्या यात्रेला नेलेलं आहे. चौथी व्यक्ती म्हणजे पॅकहाऊसच्या फील्ड ऑफिसर मॅडम. यवतमाळच्या, नाशिकमधला पहिलाच हंगाम.

द्राक्षाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि माल जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतो. निर्यातीच्या मालात औषधांचे अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत लागतात. त्यासाठी प्रत्येक औषधाला पीएचआय असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किमान किती दिवस गेले पाहिजेत ते. कोणतं औषध चालतं आणि त्याचा पीएचआय किती, याची यादी पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र देतं. काढणीच्या तोंडावर प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घडांचा नमुना नेतो, अहवाल चांगला आला की माल तोडायचा. 2010 साली सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे भारतातून गेलेली द्राक्षं युरोपात अडकली होती. तो हंगाम नाशिकमधले बागाईतदार अजून विसरलेले नाहीत. तेव्हा ‘अंश’ हा विषय या घरात कोणाला नवा नव्हता.

जानेवारीच्या शेवटी भाऊने कारखान्यातून फोन केला.

“नाना, सॅम्पल होईपर्यंत मामांना काही मारू देऊ नका हां. मी लाईनवर आहे, नंतर बोलतो.”

“बरं.”

नानांनी संध्याकाळी बागेत जाऊन सांगितलं, “भाऊचा निरोप आहे. सॅम्पल होस्तोवर काही मारायचं नाही.”

“नाही मारत.”

आणि मामांनी खरोखर काही मारलं नाही. नमुना नेणारा माणूस आला, घड पिशवीत घालून, सही घेऊन गेला. त्यानंतर हवा बदलली. दोन दिवस आभाळ, पहाटे दाट धुकं, आणि कडेच्या ओळींवर भुरी, म्हणजे पांढुरकी बुरशी, दिसायला लागली. नाना एका लग्नासाठी पिंपळगावला होते. मामांनी फोन लावला.

“नाना, भुरी दिसू राहिली. सॅम्पल तर झालं. मारून घेऊ का?”

मांडवात बँड वाजत होता. नाना म्हणाले, “तुला काय सांगायचं मामा, बघ तुझ्या हिशोबानं.”

मामांनी तेवढ्यावर न भागवता बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोटो टाकले. एक भुरी आलेल्या घडाचा, एक औषधाच्या बाटलीचा. सोबत आवाजातला निरोप: “हे मारतो उद्या सकाळी.” भाऊने शिफ्टच्या चहाला फोटो पाहिले आणि अंगठा टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे फवारणीचा ब्लोअर फिरला. फवारणीच्या डायरीत मामांच्या मुलीने तारीख, वेळ, औषध, प्रमाण सगळं नीट लिहिलं.

चार दिवसांनी मॅडम काढणीपूर्व पाहणीला आल्या. त्यांनी डायरी उघडली आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, “हे कधी झालं?” त्या औषधाचा पीएचआय काढणीच्या ठरलेल्या तारखेच्या बराच पलीकडे जात होता. नेलेल्या नमुन्याचा अहवाल चांगला आला होता, पण तो झाडावर आता लटकत असलेल्या मालाचा राहिलाच नव्हता. पॅकहाऊसने प्लॉट थांबवला. पीएचआय उलटेपर्यंत माल झाडावर ठेवावा तर मणी मऊ पडायला लागलेले, आणि पुन्हा नमुना, पुन्हा खर्च. शेवटी व्यापारी बोलावला.

भाऊ त्या रात्री फोनवर ओरडला, “मामा, तुम्हाला सांगितलं होतं ना?”

मामा म्हणाले, “अंगठा तुम्हीच दिला भाऊ.” आणि दुसऱ्या दिवशी घरच्या लग्नाचं निमित्त काढून पेठला निघून गेले.

गावात तीन निदानं लगेच तयार झाली. पहिलं, मामा शिकलेले नाहीत. दुसरं, मॅडम बाहेरच्या, त्यांना इथलं बोलणं जमत नाही. तिसरं, व्हॉट्सॲपमुळे हे असंच व्हायचं. तिन्ही ऐकायला सोयीची आहेत, आणि या प्रकरणातल्या गोष्टींशी एकही जुळत नाही. मामांच्या डायरीतली नोंद इतकी चोख होती की चूक सापडली तीच तिच्यामुळे. व्हॉट्सॲपचा दोष म्हणावा, तर पहिला निरोप तोंडी गेला होता, आणि मुळातला घोळ त्यातच आहे. राहिल्या मॅडम. त्यांनी त्या हंगामात मोहाडी आणि वणीकडच्या बागांमध्ये मजुरांना स्वतः समोर बसवून हाच नियम समजावला होता, तिथे असं झालं नाही. या बागेतही त्या मामांशी बोलायला निघाल्या होत्या. नानांनीच त्यांना चहाला बसवलं आणि म्हणाले, “मामांचं तुम्ही सोडा. ते आपल्या घरचेच, त्यांना मी सांगतो.”

माझ्या मते प्रकरण इथे फिरलं, फवारणीच्या दिवशी नाही.

आपली पक्की समजूत अशी की ओळख जितकी जुनी, तितकं कमी बोलून भागतं. ‘त्याला अर्धं सांगितलं तरी पुरे.’ 2011 साली केनेथ सवित्स्की, बोआझ कायसार, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हीच समजूत तपासली होती. नवरा-बायकोच्या जोड्यांना पाठमोरं बसवून एकाने एखादं दुहेरी अर्थाचं वाक्य बोलायचं, आणि त्यातून काय म्हणायचं आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ऐकणाऱ्यांत स्वतःचा जोडीदार असायचा आणि अनोळखी माणसंही. आपलं जोडीदाराला जास्त कळेल अशी बोलणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात जोडीदार अनोळखी माणसांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात, सूचना मित्राने दिली तेव्हा समोरच्याला काय दिसतं आहे याचा विसर पडून होणाऱ्या चुका जास्त निघाल्या. परक्याशी बोलताना आपण त्याच्या जागेवरून एकदा बघतो. घरच्याशी बोलताना तेवढं करत नाही, कारण तो आपल्याच जागेवर उभा आहे असं गृहीत धरलेलं असतं.

भाऊच्या डोक्यात नमुना, अहवाल, काढणी ही एकच सलग गोष्ट होती. नमुन्यानंतर फवारणी करायची नाही, हे त्याच्या लेखी इतकं उघड होतं की ते वाक्यात आलंच नाही. नानांनी निरोप जसा ऐकला तसाच पुढे दिला. त्यांनी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. निरोप शब्दशः पोहोचला म्हणजे अर्थ पोहोचला, ही आणखी एक समजूत, आणि या प्रकरणात ती जितकी उघडी पडते तितकी क्वचितच पडत असेल. वाक्य तिघांकडे तेच होतं. फक्त भाऊकडे त्या वाक्यामागचं कारण होतं, बाकी दोघांकडे नव्हतं.

स्टॅनफर्डमध्ये 1990 साली एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला एक प्रयोग इथे आठवतो. एकाने परिचित गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. निम्मी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या कानात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

मात्र हे खापर एकट्या भाऊवर फोडता येत नाही, कारण ग्रुपवरच्या फोटोंमध्ये मामांनीही तेच केलं. फोटो कोणत्या प्लॉटमधला, हे त्यांनी सांगितलं नाही. ते थॉमसनच्या ओळीत उभे होते, त्यामुळे त्यांच्यासाठी तो प्रश्नच नव्हता. भाऊ धरून चालला की हा शेजारच्या सोनाका जातीच्या द्राक्षांचा, म्हणजे लोकलला जाणाऱ्या मालाचा फोटो; निर्यातीच्या प्लॉटला तर ‘काही मारायचं नाही’ हे आपण सांगून ठेवलेलंच आहे! त्याचा अंगठा म्हणजे ‘पाहिलं’. मामांसाठी तो मालकाचा होकार. त्याच ग्रुपवर त्या दिवशी हवामानाचे अंदाज, पिंपळगावचे दर आणि कोणाकोणाचे सुप्रभात असं सगळं येऊन पडलेलं होतं.

लिहिलेल्या निरोपाबद्दलचा फाजील विश्वास मोजला गेला आहे. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या गटाने 2005 मध्ये ई-मेलवर काम केलं. आपण चेष्टेत लिहिलं की गंभीरपणे, हे वाचणाऱ्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. कळलं 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्याहून जरासं बरं. अंगठ्यात तर एक शब्दही नसतो.

आता नानांचं वाक्य: “तुला काय सांगायचं मामा.” हा विश्वास होता, आणि मामांना तो मोलाचा वाटला, हे त्यांनी नंतर सांगितलं. पण ज्या क्षणी एक प्रश्न समोरून चालत आला होता, तो या वाक्याने परत गेला. नाना लग्नात होते, आवाज होता, हे सगळं खरं. तरीही मला वाटतं की मांडव नसता, तरी ते हेच म्हणाले असते.

नुकसान झाल्यावर घरातल्यांनी उपाय म्हणून दोन गोष्टी केल्या. दोन्ही निरुपयोगी ठरल्या, दुसरी तर घातक. भाऊने ‘फक्त फवारणी’ नावाचा नवा ग्रुप काढला. आठवड्याभरात त्यातही सुप्रभात सुरू झालं. मग गटातल्या शेतकऱ्यांसाठी शहरातून एक व्यक्तिमत्त्व विकासाचे प्रशिक्षक आणले गेले. त्यांनी फळ्यावर मोठ्ठं 93 लिहिलं: संवादातले 93 टक्के देहबोली आणि आवाज, शब्द फक्त 7 टक्के.

हा आकडा महाराष्ट्रातल्या प्रत्येक सभागृहात कधी ना कधी फळ्यावर चढलेला असेल. तो आला आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या दोन अभ्यासांतून. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही याचा अंदाज विचारला होता. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरं सांगतो तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरतं ते गणित आहे. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला ते लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. पीएचआय किती दिवसांचा, हे कोणाच्या भुवयांवरून कळणार? शिवाय या प्रकरणातला प्रत्येक महत्त्वाचा निरोप एक तर फोनवर गेला, नाहीतर एका ओळीत. नडला तो शब्दांचा तुटवडा.

घातक भाग पुढचा. प्रशिक्षक म्हणाले, जो डोळ्याला डोळा देत नाही तो काहीतरी लपवत असतो. मामा पेठहून परतले, तेव्हा भाऊशी बोलताना त्यांची नजर खाली होती. मालकाच्या मुलासमोर, तेही तो चिडलेला असताना, मामांच्या पिढीचा माणूस नजर खालीच ठेवतो. भाऊने मात्र त्यातून अर्थ काढला की मामांनी नमुन्यानंतर मुद्दामच फवारलं, हे कळतंय. खोटं ओळखण्याची माणसाची क्षमता चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी 2006 मध्ये शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिली. सरासरी निघाली 54 टक्के. भाऊचा संशय एका चुकीच्या धड्यावर उभा होता, आणि त्याने भांडण आणखी पंधरवडाभर लांबवलं.

गाठ सुटली ती मॅडमच्या एका भेटीत. त्या ब्लोअरच्या शेडमध्ये मामांबरोबर खाली बसल्या आणि त्यांनी ‘कळलं का’ असं विचारलंच नाही. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. त्यांनी विचारलं, “मामा, सॅम्पल कशासाठी नेतात?”

मामा म्हणाले, “परीक्षाच असते ना ती. पेपर दिला, सुटलो.”

भाऊ तिथेच उभा होता. वीस वर्षांत मामांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मामांचा समज तसा बिनबुडाचाही नव्हता: नमुन्याआधी सगळे हात आखडतात, नंतर कोणी काही बोलत नाही, मग माणूस दुसरा कोणता निष्कर्ष काढेल? मॅडमनी सांगितलं की नमुना फक्त त्या दिवसापुरता बोलतो. माल तिकडे उतरल्यावर खरेदीदार पुन्हा तपासू शकतो, आणि आज मारलेलं औषध तेव्हा त्यात सापडेल. मग पुढचा प्रश्न: “समजा, सॅम्पल झालं आणि रात्री पाऊस आला. सकाळी काय कराल?” मामा जरा वेळ गप्प राहिले. “आधी तुम्हाला फोन. तुम्ही जैविक म्हणाल तर जैविक, नाहीतर काहीच नाही.” दवाखान्यांत रुग्णाकडून गोळ्यांची माहिती अशीच त्याच्या शब्दांत परत वदवून घेण्याची पद्धत आहे. बागेतही ती चालते, हे दिसलं.

‘होईपर्यंत’ म्हणजे नक्की कधीपर्यंत, हे मामांनी भाऊला किंवा नानांना आधीच का विचारलं नाही? हा प्रश्न भाऊने विचारला, आणि त्याचं उत्तर मामांच्या मुलीने दिलं: “परत विचारलं की अडाणी म्हणतात.” एकदा सांगितल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे मठ्ठपणा, ही समजूत शाळेपासून आपल्या अंगात मुरते. मार्क डिंगमान्से आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये जगातल्या 12 भाषांमधल्या रोजच्या गप्पा तपासल्या. त्यांत सरासरी दर 1.4 मिनिटाला कोणीतरी ‘काय?’, ‘कोण?’, ‘कुठला?’ असं विचारून बोलणं दुरुस्त करून घेत होतं. म्हणजे चांगलं चाललेलं बोलणंही सतत डागडुजी करतच चालतं. भाऊचे बागेतले फोन मिनिटभरही चालत नव्हते, आणि पगार देणाऱ्याला ‘कुठला?’ म्हणायची मामांना सोय नव्हती. याला नुसता संवादाचा प्रश्न म्हणणं मला पटत नाही. कोणाला प्रश्न विचारायची मुभा आहे, हे बांधावर आधीच ठरलेलं असतं.

पुढे ठरलं ते थोडकंच. प्लॉटच्या कडेच्या लोखंडी अँगलवर रंगाने आकडे घातले. फोटो टाकताना तो आकडा फोटोत आला पाहिजे. निर्यातीच्या प्लॉटची शेवटची फवारणी कोणत्या तारखेला, ती शेडच्या भिंतीवर खडूने लिहायची. अंगठ्यावर ब्लोअर काढायचा नाही, फोनच करायचा. आणि निरोप घेणाऱ्याने तो कारणासकट परत सांगायचा.

या शेवटच्या कलमाला विरोध केला नानांनी. “मी काय पोरगा आहे, पाढा म्हणायला?” भाऊने त्यांना विमानाचं उदाहरण दिलं. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा वैमानिक उड्डाणाला निघालेला होता, टॉवरला वाटलं तो थांबला आहे, आणि टॉवरच्या उत्तराचा पहिला शब्द होता ‘ओके’. त्यापुढचं ‘थांबा’ एकाच वेळी झालेल्या बोलण्यामुळे वैमानिकांपर्यंत नीट पोहोचलंच नाही. या अपघातानंतर रेडिओवरच्या बोलण्याचे नियम कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, आणि सूचना नुसत्या ‘ओके’वर न सोडता परत म्हणून दाखवायची. नानांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “ते विमान आहे.”

नाना आजही निरोप परत म्हणून दाखवत नाहीत. त्यावर तोडगा सुनेने काढला: नमुन्याच्या दिवसांत भाऊ नानांकडे निरोप ठेवतच नाही, थेट मामांना फोन करतो, आणि मामा नानांना जाऊन सांगतात. नानांना हे आवडलेलं नाही, पण ते चालवून घेतात. मामा आता प्रश्न विचारतात, कधीकधी नको इतके. परवा त्यांनी पाण्याच्या पाळीबद्दल भाऊला कारखान्यात तीनदा फोन केला. तो चिडला नाही म्हणे.

पैशांचं मात्र मिटलेलं नाही. निर्यातीचा आणि लोकलचा दर यातली तफावत कोणी सोसायची, यावर घरात दोन मतं आहेत. मामांच्या हंगामाच्या बक्षिसीतून काही कापावं, असं धाकट्या मुलाचं म्हणणं आहे. भाऊ म्हणतो, कापायचं तर माझ्या वाट्यातून कापा. नानांनी अजून निकाल दिलेला नाही, आणि मामांना याबद्दल कोणी काही विचारलेलं नाही.